एकेका रुग्णावरचा थेरपी-अभ्यास: निकाल आपल्या बाजूला झुकू नये म्हणून शब्दयादीपासून अहवालापर्यंत काय करावं

वाचाघाताचे (मेंदूला इजा झाल्याने भाषा अडखळलेले) दोन-तीन रुग्ण घ्यायचे, थेरपी करायची, प्रत्येकाचा आलेख काढायचा आणि रेघ वर चढली की थेरपी लागू पडली असं लिहायचं. असे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा मी आधी आलेख बघत नाही, तीन प्रश्न विचारते. शब्द कुणी निवडले? बेसलाइन, म्हणजे थेरपीआधीची मोजणी, कधी थांबवायची हे कुणी ठरवलं? 'बरोबर' हा शेरा कुणी दिला? बहुतेक वेळा तिन्हींचं उत्तर एकच येतं: 'मीच.'

यात कुणी लबाडी करत नाही. रुग्ण बोलता व्हावा असं ज्याला मनापासून वाटतं, तोच माणूस सगळे निर्णय घेतो आणि प्रत्येक निर्णय त्याच दिशेला थोडा थोडा कलतो. म्हणून या लेखातल्या सगळ्या टप्प्यांमागे एकच नियम आहे. आकडे बघून बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकतर आकडे येण्याआधी घ्या, नाहीतर ते आकडे कुठल्या टप्प्यातले, बेसलाइनचे की थेरपीतले, हे माहीत नसलेल्या माणसाकडे सोपवा.

उदाहरण सगळीकडे एकच घेते. पक्षाघातानंतर वाचाघात झालेले तीन मराठी भाषक, चित्र बघून नाव सांगण्यात अडचण आणि त्यावर सिमँटिक फीचर ॲनालिसिस, म्हणजे छत्रीचं चित्र दाखवून 'ही कशासाठी वापरतात, कधी लागते, कुठे ठेवतात, कशी दिसते' असं विचारत विचारत त्या शब्दापर्यंत पोचवण्याची पद्धत. तोतरेपणा किंवा मुलांच्या उच्चारदोषांवर काम करत असाल तरी टप्पे हेच.

## १. आराखडा: थेरपी काढून घेता येत नाही हे लक्षात ठेवा

थेरपी द्या, थांबवा, पुन्हा द्या असा उलटसुलट आराखडा पुस्तकात पहिला असतो. पण शिकलेला शब्द थेरपी थांबवल्यावर विसरला जावा अशी अपेक्षा आपण करत नाही आणि करूही नये. त्यामुळे भाषेच्या कामात बहुधा मल्टिपल बेसलाइन लागते. तिघांची मोजणी एकाच आठवड्यात सुरू करायची, थेरपी मात्र प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी. ज्याची थेरपी सुरू झाली त्याचीच रेघ उचलली आणि बाकीच्यांची जागच्या जागी राहिली, असं तीनदा घडलं तर श्रेय थेरपीला देता येतं.

मोजणी एकाच वेळी सुरू करणं फार महत्त्वाचं आहे. गणपतीत घर माणसांनी भरतं, आजोबांशी दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे शब्द सुधारलेले दिसतात. तिघांची मोजणी एकाच काळात चालू असेल तर तिन्ही रेघा एकदम उचललेल्या दिसतील आणि तुम्ही सावध व्हाल. एक रुग्ण उन्हाळ्यात, दुसरा पावसाळ्यात, तिसरा दिवाळीनंतर असं केलंत तर हे कधीच कळणार नाही.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहून सावरत असतो. अशा अभ्यासात मी सहा महिन्यांच्या आतला रुग्ण घेऊ देत नाही. थेरपी त्याला जरूर द्यावी, अभ्यासात मात्र धरू नये.

तपासा: परिणाम दिसण्याच्या निदान तीन वेगवेगळ्या वेळा तुमच्या आराखड्यात आहेत का? दोनच असतील तर इथेच थांबा आणि तिसरा रुग्ण किंवा तिसरी यादी शोधा.

## २. शब्दयादी: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

नेहमीची पद्धत अशी: शंभर चित्रं एकदा दाखवायची, जी आली नाहीत त्यांचीच थेरपीसाठी यादी करायची. वाचाघातात तोच शब्द आज येतो, उद्या अडतो. समजा, एखाद्याला कुठलाही शब्द सुचण्याची शक्यता निम्मी आहे. शंभरातले साधारण पन्नास चुकतील. तेच पन्नास दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा. थेरपीचं एक वाक्य न बोलता त्यातले पंचवीसएक बरोबर येतील. वाईट दिवस बघून निवड केली, म्हणून पुढचा दिवस आपोआप बरा दिसला. मी पाहिलेल्या कितीतरी आलेखांत पहिल्या आठवड्यातली 'झेप' एवढीच होती.

त्याऐवजी असं करा.

(अ) मोठा साठा घ्या, दीडशेच्या आसपास चित्रं. वेगवेगळ्या दिवशी दोनदा दाखवा. दोन्हीदा बरोबर आलेले शब्द काढून टाका, उरलेले ठेवा.

(आ) चित्रं रुग्णाच्या घरातली असू द्या. प्रत्येक चित्राला कुठली उत्तरं बरोबर धरायची हे आताच लिहा आणि त्यासाठी घरच्यांना विचारा. हे कुलूप म्हणतात की टाळं? केरसुणी की झाडू? पोळी की चपाती? ज्यांच्या घरी आयुष्यभर टाळंच लावलं, त्यांचं 'टाळं' पहिल्या आठवड्यात चूक आणि पाचव्या आठवड्यात 'अर्थ तोच की' म्हणून बरोबर, असं होता कामा नये. रुग्ण 'अंब्रेला' म्हणाला तर? धरायचं की नाही, काहीही ठरवा, पण आज ठरवा.

(इ) सारख्या कठीणपणाच्या शब्दांची त्रिकुटं लावा. दोन चाचण्यांत किती वेळा बरोबर आला, शब्द किती अक्षरी, जोडाक्षर आहे का, किती ओळखीचा, या चारही बाबी बघा. ओळखीचेपणा स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका. रुग्णाच्या वयाच्या आणि भागातल्या दहाएक माणसांना १ ते ५ गुण द्यायला सांगा. सत्तरीतल्या बाईंना दळायचं जातं जितकं ओळखीचं, तितकं ते तुम्हाला नाही.

(ई) प्रत्येक त्रिकुटातला कुठला शब्द कुठल्या यादीत जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. याद्या तीन: पहिलीवर थेरपी, दुसरीवर थेरपी नाही पण चाचणी दर वेळी, तिसरीवर थेरपीही नाही आणि चाचणी फक्त सुरुवातीला आणि शेवटी. तेच चित्र पंधरा वेळा दाखवलं तर नुसत्या सरावानेही नाव सुचू लागतं. दुसरी आणि तिसरी यादी शेजारी ठेवली की तो सराव किती होता ते कळतं. प्रत्येक यादीत निदान वीस शब्द हवेत. पाच-सात शब्दांच्या यादीत दोन शब्द इकडचे तिकडे झाले की रेघ डोंगर चढते.

(उ) या थेरपीने बदलू नये असं एक वेगळं कामही मोजत राहा, उदाहरणार्थ वाक्य ऐकून योग्य चित्राकडे बोट दाखवणं. तेही सुधारत असेल तर सुधारणा सगळीकडूनच होते आहे.

सावधान: निवडीसाठी घेतलेल्या दोन चाचण्या बेसलाइनमध्ये मोजू नका. बेसलाइन त्यानंतर नव्याने सुरू होते.

## ३. योजना लिहा, तारीख घाला, नोंदवा

आता, एकही बेसलाइन न घेता, दोन पानं लिहा. मुख्य मोजमाप एकच ठेवा. तिन्ही याद्या जोडा. आठवड्यातून किती सत्रं, एकूण किती, आणि थेरपी कधी थांबणार तेही लिहा. 'पुरेशी सुधारणा झाल्यावर' असं लिहू नका, कारण ते वाक्य तुम्हाला नेमक्या चांगल्या दिवशी थांबायची मुभा देतं. रुग्ण आजारी पडला, गावी गेला, मधेच सोडून गेला तर त्याचे आकडे कसे दाखवणार हेही लिहा. शेवटी कुठली आकडेमोड करणार तिचं नाव लिहा.

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागेलच. त्याबरोबर नोंदणीही करा, दोन्ही निवडीच्या चाचण्यांसाठी रुग्ण घेण्याआधी. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतर 'आमचं आधीपासून असंच ठरलं होतं' म्हणण्यापेक्षा तारखेसह नोंद दाखवणं सोपं.

तपासा: निकाल झुकण्याची जोखीम तपासण्यासाठी २०१३ साली आलेलं 'रॉबिनटी' हे १५ मुद्द्यांचं मोजपट्टीपत्रक आहे. त्यातले ७ मुद्दे अभ्यासाच्या अंतर्गत विश्वासार्हतेचे, म्हणजे बदल थेरपीनेच झाला का याचे, आहेत: आराखडा, यादृच्छिकता (चिठ्ठीने ठरवणं), मोजणीची संख्या, रुग्ण-थेरपिस्टला टप्पा माहीत नसणं, मोजणाऱ्याला माहीत नसणं, दोन परीक्षकांचा मेळ आणि थेरपी ठरल्याप्रमाणे दिली का. लोक अभ्यास झाल्यावर याने स्वतःला गुण देतात. तुम्ही आताच द्या, अजून दुरुस्ती करता येते.

## ४. कुणाची थेरपी कधी सुरू होणार: चिठ्ठी टाका

'आज आजी फारच गप्प आहेत, आता सुरू करूया' हा विचार माणुसकीचा आहे, पण अभ्यासाला घातक आहे. वाईट दिवसानंतर सुरू केलं की पुढचा बरा दिवस थेरपीच्या खात्यात जमा होतो.

आठवड्यातून दोनदा मोजणी असेल तर असं करता येईल. आधी तिघांचा क्रम चिठ्ठीने ठरवा. मग पहिल्याची थेरपी ६ ते ९ यांतल्या एका सत्रापासून, दुसऱ्याची ११ ते १४ यांतल्या, तिसऱ्याची १६ ते १९ यांतल्या एका सत्रापासून, हेही चिठ्ठीनेच. चिठ्ठ्या सहकाऱ्याने काढाव्यात आणि बंद पाकिटात ठेवाव्यात. ज्या दिवशी सुरू करायचं, त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कळवावं.

दोन्ही चिठ्ठ्या का, तेही बघा. नुसता क्रम टाकला तर तिघांचे सहाच क्रम होतात. सगळं मनासारखं घडलं तरी 'हे योगायोगाने झालं असेल' याची शक्यता सहात एक, म्हणजे ०.१७ पेक्षा खाली दाखवता येत नाही. चौथा रुग्ण मिळाला तर २४ क्रम होतात आणि ती ०.०४ पर्यंत येते. तिघांवरच थांबून सुरुवातीचं सत्रही चिठ्ठीने ठरवलंत तर ६ × ४ × ४ × ४, म्हणजे ३८४ शक्यता होतात आणि यादृच्छिकतेच्या चाचणीला, म्हणजे आलेला निकाल चिठ्ठीच्या बाकी सगळ्या शक्यतांशी ताडून बघण्याला, खरा अर्थ येतो.

'बेसलाइन स्थिर होईपर्यंत थांबा' असं तुमच्या मार्गदर्शकांनी सांगितलं असेल तर तेही सांभाळता येतं. तिन्ही बेसलाइनचे आलेख नावं झाकून तिसऱ्या माणसाला द्या, 'आता स्थिर आहेत' हे त्याला म्हणू द्या आणि मग क्रमाची चिठ्ठी काढा.

## ५. बेसलाइन

प्रत्येक टप्प्यात निदान पाच मोजण्या घ्या. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसने २०१० साली सिंगल-केस (एकेका व्यक्तीवरच्या) अभ्यासांसाठी काढलेल्या निकषांत पाच असतील तर निकष पूर्ण, तीन-चार असतील तर राखून मान्य, आणि त्याखाली अमान्य असं आहे.

तिसरा रुग्ण जवळजवळ दोन महिने नुसत्या चाचण्या देत बसणार, हे मला कधीच बरं वाटलेलं नाही. म्हणून बेसलाइनच्या दिवशीही त्याला थेरपीइतकाच वेळ द्या. गप्पा मारा, घरच्यांना रुग्णाशी कसं बोलावं ते शिकवा, फक्त चित्रांची नावं सांगण्याचं काम करू नका. तिघांनाही हेच द्या. यातून दुसराही फायदा होतो. सुधारणा नुसत्या सोबतीने होणार असेल तर ती इथेच दिसते आणि नंतर थेरपीच्या नावावर चढत नाही.

तपासा: बेसलाइनची रेघ स्वतःच वर चढते आहे का? चढत असेल तर थेरपीनंतरचा चढ तिच्याशीच ताडून बघावा लागेल. हे डोळ्याआड करू नका.

## ६. थेरपी चालू असताना

चाचणी नेहमी सत्राच्या सुरुवातीला घ्या. छत्रीवर अर्धा तास बोलल्यावर लगेच छत्री दाखवली तर ती येणारच. शक्य असेल तर चाचणी घेणारा माणूसही वेगळा असावा. तुम्हीच घेत असाल तर शब्द लिहून ठेवा आणि तेवढेच बोला: 'हे काय आहे?' दहा सेकंद थांबा. मान डोलावू नका, 'शाब्बास' म्हणू नका, चूक झाल्यावर चेहराही पाडू नका. रुग्ण आपला चेहरा आपल्यापेक्षा चांगला वाचतो.

थेरपीच्या पायऱ्यांचं टिपण करा आणि सहकाऱ्याला दर पाच सत्रांमागे निदान एका सत्राचं रेकॉर्डिंग बघून टिकमार्क करायला सांगा. बेसलाइनमधलीही सत्रं तपासायला द्या. तिथे तुम्ही नकळत थेरपी तर करत नाही ना, हे तिथेच कळतं.

## ७. गुण देणं: कान टप्प्याबाहेर ठेवा

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. एक निवृत्त शिक्षक थेरपीला येत. बेसलाइनला कुलपाचं चित्र दाखवलं की ते म्हणत, 'कुपूल'. मी चूक लिहिलं. सहाव्या आठवड्यात त्यांनी तेच 'कुपूल' म्हटलं आणि मी बरोबर लिहिलं. मला खरंच वाटलं की शब्द सापडला, फक्त अक्षरं इकडची तिकडे झाली. एका सहकारी मैत्रिणीने सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली तेव्हा हे सापडलं. असे शब्द एकदोन नव्हते. माझा कान त्यांच्याबरोबर सुधारला होता आणि आलेखावर ते त्यांचं यश म्हणून उमटलं होतं. त्यानंतर माझ्या अभ्यासात मी स्वतः दिलेले गुण मुख्य मोजमाप म्हणून धरत नाही.

(अ) नियम आधी लिहा. 'छ... छप... छत्री' असं स्वतः सुधारलं तर बरोबर का? 'छत्ली' बरोबर का? किती सेकंदांत? चुकीचा पण जवळचा आवाज वेगळ्या रकान्यात लिहायचा असेल तर तो रकाना पहिल्या दिवसापासून असू द्या.

(आ) प्रत्येक उत्तराचा तुकडा वेगळा कापा. सगळ्या टप्प्यांतले, सगळ्या याद्यांतले तुकडे मिसळा आणि त्यांना नुसते क्रमांक द्या. फाइलच्या नावात तारीख राहू देऊ नका. तुमचा आवाजही कापून टाका. एकदा आमचे तुकडे थोडे लांब राहिले होते, मागे पावसाचा आवाज होता आणि परीक्षकाला जूनपूर्वीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे सहज ओळखता येत होतं.

(इ) परीक्षक दोन ठेवा. दोघांनाही टप्पा आणि यादी माहीत नको. दुसऱ्याने प्रत्येक टप्प्यातली निदान २० टक्के सत्रं ऐकावीत, व्हॉट वर्क्सच्या निकषांतही एवढंच किमान आहे. मला विचाराल तर चाळीस शब्दांची चाचणी ऐकायला अर्धा तासही लागत नाही, सगळीच ऐकवा.

(ई) मेळ किती हे मोजताना नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा, ४० शब्दांपैकी ३४ दोघांनी चूक ठरवले, २ दोघांनी बरोबर, आणि ४ शब्दांवर मतभेद, दोन इकडे दोन तिकडे. मेळ ९० टक्के, छान वाटतो. पण एकाने तरी 'बरोबर' म्हटलेले शब्द सहाच आहेत आणि त्यातल्या दोनांवरच एकमत आहे. बहुतेक उत्तरं चूक असली की डोळे मिटून 'चूक' म्हणणाऱ्या दोघांचाही मेळ जमतो. योगायोगाचा मेळ वजा करणारा 'कप्पा' (kappa) हा आकडा काढला तर इथे ०.४४ येतो. व्हॉट वर्क्सचा निकष निदान ०.६० चा आहे.

(उ) मेळ कमी आला तर परीक्षकांना बसवून चर्चा करून गुण बदलायला लावू नका. नियम स्पष्ट करा, दोघांनाही सरावाचे वेगळे तुकडे द्या आणि सगळं पुन्हा स्वतंत्रपणे ऐकू द्या. असं केलं हे अहवालात लिहा.

थांबा: कुठला तुकडा कुठल्या सत्राचा, ही यादी सगळे गुण भरून होईपर्यंत तुमच्याकडे नको. ती सहकाऱ्याकडेच राहू दे.

## ८. आलेख आणि आकडे

वीस शब्दांची यादी असेल तर उभा अक्ष ० ते २० असाच ठेवा. ४ ते १२ एवढाच दाखवला की छोटी वाढही मोठी दिसते. तिन्ही रुग्णांचे आलेख एकाखाली एक, सत्रांची रेघ सगळ्यांना एकच.

मग एक सोपी परीक्षा करा. थेरपी सुरू झाल्याची उभी रेघ पुसून टाका, नावं काढा आणि हे आलेख अभ्यासाशी संबंध नसलेल्या, पण असे आलेख वाचता येणाऱ्या माणसाला द्या. कुणाची थेरपी आधी सुरू झाली, कुणाची नंतर? नुसत्या अंदाजाने क्रम बरोबर येण्याची शक्यता सहात एक. त्याला ओळखता आलं नाही तर तुम्हाला दिसणारा परिणाम रेघेपेक्षा तुमच्या माहितीत जास्त आहे.

परिणामाचा आकडा योजनेत लिहिलेल्याच पद्धतीने काढा. बेसलाइनच्या सगळ्यात वरच्या बिंदूला ओलांडणारे थेरपीतले बिंदू मोजण्याची पद्धत सोपी म्हणून फार वापरतात. तिच्यात बेसलाइनचा एकच चांगला दिवस सगळा निकाल पाडू शकतो आणि बेसलाइन आधीच चढत असेल तर ती नको तितकं श्रेयही देते. टाऊ-यू (Tau-U) ही दुसरी पद्धत चढती बेसलाइन वजा करू शकते. तीन पद्धतींनी मोजून सगळ्यात मोठा आकडा छापणं हा सरळसरळ झुकाव आहे. तीनही मोजल्या असतील तर तीनही छापा.

## ९. अहवाल

सिंगल-केस अभ्यासांच्या अहवालासाठी २०१६ ची 'स्क्राइब' ही २६ मुद्द्यांची यादी समोर ठेवा आणि कुठला मुद्दा कुठल्या पानावर आहे ते शेजारी लिहा. ज्याचं पान सापडत नाही तो मुद्दा राहिला आहे.

तिघांपैकी एकाला फायदा झाला नसेल तर त्याचा आलेख बाकीच्या दोघांइतकाच मोठा, त्याच पानावर छापा. पुढच्या थेरपिस्टला 'ही थेरपी कुणाला द्यावी' हे त्याच्यावरूनच कळणार आहे. सोडून गेलेल्याचेही जेवढे बिंदू आहेत तेवढे दाखवा आणि कारण लिहा. थेरपी संपल्यावर एक-दोन महिन्यांनी तिन्ही याद्या पुन्हा घेतल्या असतील तर तेही आकडे त्याच आलेखात जोडा, उतरलेले असले तरी.

योजनेत आणि प्रत्यक्षात जो फरक पडला त्याचा वेगळा तक्ता करा: काय ठरलं होतं, काय केलं, का, आणि तो निर्णय घेतला तेव्हा आकडे बघितले होते का. शेवटचा रकाना बहुतेक लोक टाळतात, तो टाळू नका. प्रत्येक सत्रातल्या प्रत्येक शब्दाचे गुण, रुग्णाची ओळख काढून, परिशिष्टात द्या. मूळ गुणपत्रिकेत नंतर काही बदललं असेल तर ते खोडू नका. आडवी रेघ मारा, खालचं दिसू द्या, शेजारी तारीख आणि सही करा.